मदत हवी आहे: बडोद्यात दारू सोडलेल्यांचा गट, दादाला पहिल्यांदा न्यायचंय

मंडळी, आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. मोठा भाऊ बरीच वर्षं पितोय. बाहेरच्यांना वाटतं, गुजरातेत दारूबंदी म्हणजे प्रश्नच मिटला. कसला मिटतोय! फोन केला की माल घरपोच येतो, खिसा रिकामा असला की हातभट्टीची पोटली. जुलै २०२२ मध्ये बोटादकडे लठ्ठा, म्हणजे विषारी दारू, पिऊन चाळीसच्या वर माणसं गेली, तेव्हापासून तो घरी येईपर्यंत आई जेवत नाही. बाहेर मात्र आम्ही सगळ्यांना सांगतो, त्याला ॲसिडिटी आहे.

दिवाळीनंतर हात इतके थरथरायला लागले की चहाचा कप बशीवर वाजायचा. ॲडमिट केलं, औषधं झाली, आता पीत नाही. डिस्चार्जच्या वेळी डॉक्टर म्हणाले, "आता एखादा एएसारखा (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा) गट धरा," आणि पुढचा पेशंट बोलावला. दादा स्वतः जायला तयार आहे, याचंच घरात नवल चाललंय. तो तयार आहे तोवर हलायला हवं.

गट शोधायचा कुठे? नेटवर शोधलं की नशामुक्ती केंद्रंच पुढे येतात, महिनोन्महिने माणूस ठेवून घेणारी. आम्हाला नोकरी सांभाळून जाता येईल असं हवंय. दादाला दोन धास्ती आहेत. इथे परमिटशिवाय पिणं हाच गुन्हा, मग "मी पीत होतो" असं चारचौघांत बोललं तर पोलिसांपर्यंत जाणार नाही ना? आणि ओळखीचं कुणी भेटलं तर? आपल्या मराठी मंडळींत गणपतीपासून लग्नापर्यंत तीच तीच तोंडं असतात.

मी सोबत बसू शकतो का? शिवाय आईला कुणीतरी दारू सुटावी म्हणून दादाला न सांगता भाजीत घालायची पावडर दिलीय, ती तिने हिंगाच्या रिकाम्या डबीत ठेवलीय. त्याचं काय करू?

प्रतिसाद
आधी ती डबी टाकून दे. मी हॉस्पिटलमध्ये काम करते. असल्या पावडरीत नेमकं काय आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. बऱ्याचदा डायसल्फिराम, म्हणजे दारू सोडवायचं औषध, निघतं. ते पोटात असताना दारू घेतली तर चेहरा लालबुंद, उलट्या, धडधड, बीपी खाली, आणि जिवावरही बेततं. गोळी बंद केल्यावरही असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. डॉक्टर हे औषध देतात, पण पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने. आणि एक लक्षात ठेव: पुन्हा रोजची सुरू झाली, तर घरच्या घरी एकदम बंद करायला लावू नकोस. फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत भ्रम होऊ शकतो. सरळ हॉस्पिटल गाठायचं.

गटाच्या पत्त्यासाठी १४४४६ वर फोन कर, नशामुक्तीची हेल्पलाइन आहे, सरकारी आणि मोफत. सयाजी हॉस्पिटलची मानसोपचार ओपीडी किंवा कारेलीबागचं मानसिक आरोग्य रुग्णालय, दोन्हीकडे समुपदेशकांना विचार. डॉक्टरांपाशी बोललेलंही गुप्तच राहतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तसा हक्क आहे आणि दारूमुळे होणारे मानसिक त्रास त्यात धरलेत.

प्रतिसाद
मी एएचा जुना मेंबर, बडोद्याचाच. दादांना सांगा, पोलिसांचं मनातून काढून टाका. तिथे रजिस्टर नाही, आडनाव नाही, पत्ता नाही, फी नाही. दारू सोडायची इच्छा हीच मेंबर व्हायची अट. १९३५ मध्ये अमेरिकेत अॅक्रन गावी एक दलाल आणि एक डॉक्टर, दोघेही दारुडे, एकमेकांशी बोलत बसले, तिथून हे सुरू झालं. आजही तेच चालतं, बोलणं. सुरुवातीला थोडं वाचन, मग पाळीपाळीने शेअरिंग. मध्येच कुणी तोडत नाही, सल्ला देत नाही. "आज फक्त ऐकतो" म्हटलं तरी चालतं.

ओळखीचं भेटलं तर? भेटेलच! पण तोही त्याच कामासाठी आलेला असतो, बाहेर जाऊन काय सांगणार? प्रार्थना आणि देवाचा उल्लेख असतो, पण ज्याला जसा वाटेल तसा. आमच्यात ठार नास्तिकही आहेत.

तुम्ही खुल्या मीटिंगला सोबत या. बंद मीटिंग फक्त पिणाऱ्यांची असते, तेव्हा बाहेर थांबा. पहिल्या दिवशी नाही आवडलं तर दुसरा गट बघा, माणसं वेगळी की रंग वेगळा.

प्रतिसाद
तुम्ही आणि आईंनी अल-अनॉन बघा, तो घरच्यांसाठी वेगळा गट आहे, १९५१ पासूनचा. नवऱ्याच्या बाटल्या शोधण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. तिथे पहिल्यांदा कळलं की त्याचं पिणं मी सुरू केलं नाही, मी थांबवूही शकत नाही. आईंचं ते रात्री उपाशी बसणं वाचून राहवलं नाही.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. डबी रिकामी केली. १४४४६ वर बोललो, इथल्या मीटिंगची चौकशी चालू आहे, या रविवारी खुली असेल तर मीही जाईन. आईला अल-अनॉनचं सांगितलं तर म्हणाली, "पितो तो आणि मीटिंग मला?" ताई, तुमच्या घरी असं कुणी म्हणालं होतं का? तिला कसं पटवू?