नडगीच्या दुखण्याबाबत मदत हवी आहे
नमस्कार मंडळी. वयाच्या ४२व्या वर्षी मी पहाटे वडोदऱ्याच्या कमाटीबागेत धावायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात २ किलोमीटर आणि उत्साहाच्या भरात तिसऱ्याच आठवड्यात ५ किलोमीटर, तेही बागेबाहेरच्या डांबरी रस्त्यावर आणि टाचेकडे झिजलेल्या जुन्याच बुटांत. परिणामी उजव्या नडगीच्या आतल्या कडेला, घोट्याच्या चार बोटे वर, सहा-सात बोटांच्या पट्ट्यात दुखू लागले आहे. धावायला लागताच कळ येते, अंग तापले की ती ओसरते आणि घरी दांडिया बाजारातल्या वाड्याचा जिना चढताना पुन्हा ठणका सुरू होतो.

दुखणे असे पसरट असेल तर ते बहुधा शिन स्प्लिंट्स (धावण्याच्या अतिताणाने नडगीच्या कडेला होणारे दुखणे) असते. मात्र हाडावर एकाच जागी बोट दाबताच कळ येत असेल किंवा रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर गेल्याची शंका घेऊन डॉक्टरांना दाखवावे, हे मला ठाऊक आहे. माझ्या बाबतीत तसे नाही. १० दिवस धावणे थांबवून बर्फाने शेकतो आहे. आई तिळाच्या तेलाने चोळून देते, त्याने बरे वाटते, पण सकाळी दुखणे जागच्या जागी.

ज्यांनी हे भोगले आहे त्यांनी कृपया सांगावे, की पुन्हा सुरुवात करताना चालणे आणि धावणे यांचे प्रमाण किती ठेवले, टाचा उचलण्याच्या व्यायामाचा पोटऱ्यांना उपयोग झाला का, आणि वडोदऱ्यात पहाटे धावण्याजोगी मातीची वाट कुठे आहे?