मदत हवी आहे: निरोगी माणसांचे शौचाचे नमुने कसे मिळवू?

नमस्कार मंडळी, मी संभाजीनगरला पीएचडी करतेय. विषय मोठ्या आतड्याचा कॅन्सर, तिथले जिवाणू आणि प्रतिकारशक्ती. फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम हा एरवी तोंडात राहणारा जिवाणू २०१२ मध्ये या गाठींत सापडला. त्याचं फॅप२ प्रथिन आपल्या मारक पेशींवरच्या टिगिट या 'थांबा' सांगणाऱ्या प्रथिनाला चिकटतं, मग या पेशी गाठीवर हल्लाच करत नाहीत.

पेशंटचे नमुने मिळतात. घोडं अडलंय तुलनेसाठी लागणाऱ्या निरोगी माणसांपाशी. अँटिबायोटिकने आतड्यातले जिवाणू बदलतात, म्हणून तीन महिन्यांत ते न घेतलेलं माणूस हवं, तर तसं कुणी सापडंना! "गोळी कसली बाई, काहीच नाही" म्हणणाऱ्या मावशींच्या बटव्यातून परवा अझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकची अर्धी पट्टी निघाली. बीड-जालन्याकडे फील्डवर्क केलेल्यांनो, गोळ्यांचं नेमकं कसं विचारता? आणि डबी हातात दिली की माणसं लाजून पसार होतात, त्याचं काय करू?