पैसे आणि हवापाणी: सातारा-सांगलीबाहेरचे अनुभव

परदेशी गेलेल्या माणसाला गावाकडे दोनच प्रश्न विचारले जातात: पगार किती आणि थंडी किती. त्यांची उत्तरे येथे नकोत. आपल्या दोन जिल्ह्यांतून बाहेर राहिलेल्यांनी पैसे आणि हवामान यांनी रोजच्या व्यवहारात केलेली लहानसहान फजिती लिहावी, एवढीच विनंती. पहिला अनुभव माझाच.

मिरजेहून दुबई
पाण्याच्या टाक्या गच्चीवर असल्यामुळे जुलैत गार पाण्याच्या नळाला अंग भाजेल असे पाणी येते. म्हणून आम्ही मे महिन्यातच गिझर बंद करतो. त्याची टाकी घरात, एसीच्या गारव्यात असल्याने तिच्यातले पाणी हळूहळू निवते आणि मग आंघोळीला गरम पाण्याचा नळ सोडायचा. आईला हे तीनदा समजावले, तरी प्लंबरने नळ उलटे बसवले आहेत हे तिचे मत मिरजेला परत जाईपर्यंत बदलले नाही. पैशांचे म्हणाल, तर दिरहॅम डॉलरला बांधलेला आहे, त्यामुळे डॉलरपुढे रुपया घसरला की घरी पाठवायची रक्कम वाढते. त्या दिवशी मला आनंद होतो, हे मी मिरजेत कोणाला सांगत नाही.

कराडहून रेजायना, कॅनडा
फेब्रुवारी २०१३ पासून येथे एक सेंटचे नाणे वाटणे बंद झाले. रोखीचे बिल जवळच्या पाच सेंटांवर आणतात, म्हणजे १२.४२ डॉलरचे १२.४० होते आणि १२.४३ चे १२.४५, कार्डाने दिल्यास मात्र सेंटही सुटत नाही. शेवटचा आकडा पाहून रोख द्यायची की कार्ड, हे मी ठरवतो. वर्षभरात यातून एका चहाचे पैसे सुटले नसतील. हिवाळ्यात उणे तीस अंशांत गाडी सकाळी सुरू व्हावी म्हणून इंजिनाच्या हीटरची वायर रात्री घराबाहेरच्या सॉकेटला जोडावी लागते. ती व्हिडिओवर पाहून सासऱ्यांनी, एका चार्जवर गाडी किती किलोमीटर जाते, असे विचारले. पेट्रोलची आहे म्हटल्यावर मी काहीतरी लपवतो आहे, असे त्यांना वाटले.

सांगलीहून ओसाका
एक येनचे ॲल्युमिनियमचे नाणे बरोबर एक ग्रॅमचे असते. घरून आणलेली हळद मित्रांत वाटताना माझी वजने तीच.

साताऱ्याहून लेस्टर
२०१६ च्या सुटीत उरलेली पौंडाची नाणी कंदी पेढ्यांच्या रिकाम्या डब्यात ठेवली आणि २०१८ मध्ये ती घेऊन परतलो. मधल्या काळात बारा बाजूंचे नाणे आले होते आणि १५ ऑक्टोबर २०१७ रोजी जुने गोल नाणे व्यवहारातून गेले होते. दुकानदाराने नाणी परत सरकवली. बँकेने खात्यात जमा करून घेतली, पण मोजणाऱ्या बाईंनी नाण्यांना हा गोड वास कसला, असे विचारलेच.

विट्याहून काठमांडू
गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यामुळे आमच्याकडचे लोक देशभर पसरले, मी थोडा पुढे आलो. येथे भाव करताना ‘आयसी’ की ‘एनसी’, म्हणजे भारतीय रुपये की नेपाळी, हे आधी विचारावे लागते. १०० आयसीचे १६० एनसी, हा दर १९९३ पासून तसाच आहे. मी न विचारता तीन हजारांच्या शालीचे भारतीय तीन हजार दिले आणि दुकानदार शांत राहिला. हवेची गंमत भाषेमुळे झाली. नेपाळीत घाम म्हणजे ऊन. पहिल्या जानेवारीत शेजाऱ्यांनी ‘घाम ताप्न’ गच्चीवर बोलावले, तेव्हा व्यायाम असेल असे समजून मी स्वेटर काढून, बूट घालून वर गेलो. तेथे सगळे चटईवर बसून संत्री सोलत होते.