पास मोबाइलवर गेला, खिडकीचं काय? सांगली-सातारा अप-डाउन करणाऱ्यांनी बोला

कृष्णाकाठ (सांगली)

डिसेंबर २०२५ मध्ये रेल्वेने यूटीएस या जुन्या तिकीट ॲपवरचा मासिक पास बंद केला. नवा काढायचा असो की जुना वाढवायचा, आता रेलवन ॲपवर जायचं. हे ॲप १ जुलै २०२५ ला आलं. आरक्षण, जनरल तिकीट, पास, तक्रार सगळं त्यात एकत्र आहे. १४ जानेवारी २०२६ पासून सहा महिने जनरल तिकिटावर ३ टक्के सूटही ठेवलीय. इथवर माझी काही तक्रार नाही. ज्याला जमतं त्याने खुशाल मोबाइलवर काढावं.

पण ॲप आल्यापासून तिकीट खिडकीवर काय ऐकू येतं? "मोबाइलवर काढा की." एका छोट्या स्टेशनवर गाडीला दहा मिनिटं असताना खिडकी बंद. आत माणूस आहे, पण तो दुसऱ्या कामात. बाहेर रांगेत दूधवाले, कॉलेजची पोरं, कारखान्यात जाणारे, दवाखान्यात निघालेली म्हातारी माणसं. गाडी आली तेव्हा निम्मी रांग तशीच होती. काहीजण विनातिकीट चढले, काहीजण मागे राहिले.

मुंबईत रांगेमुळे एक लोकल गेली तर चार मिनिटांनी दुसरी येते. नांद्रे, भिलवडी, ताकारी, शेणोली, मसूर, तारगाव इथल्या माणसाची सकाळची पॅसेंजर चुकली की त्या दिवसाचा रोज बुडाला. रेल्वेचे तिकिटाचे नियम लोकलची गर्दी डोळ्यांसमोर ठेवून होतात आणि तेच आपल्या मार्गावर लागू होतात. माझं म्हणणं असं की, मार्गावर गाड्या किती आहेत ते बघून नियम करा. ॲप हवं तेवढं वाढवा, पण सकाळ-संध्याकाळच्या पॅसेंजरच्या आधी अर्धा तास खिडकी उघडी राहिलीच पाहिजे. रोखीने कागदी पासही मिळालाच पाहिजे. शिवाय कोल्हापूर-मुंबई कोयना एक्स्प्रेसला पासधारकांसाठी एक डबा द्या. डेक्कन क्वीनला आहे, पंचवटीला आहे, मग आपल्याला का नाही?

माहुली फलाट (सातारा)

कृष्णाकाठ दादा, डब्याच्या मागणीला पूर्ण पाठिंबा. खिडकीच्या बाबतीत मात्र तुमचं पटत नाही.

सातारा स्टेशन माहुलीत, गावाबाहेर. आधी पास संपला की केवळ पाससाठी रिक्षा करून स्टेशनवर जायचं, रांग धरायची, सुट्टे नाहीत म्हणून पुन्हा बाहेर यायचं. माझा सातारा-पुणे पास आहे. आता पास संपायच्या दोन दिवस आधी रात्री जेवण झाल्यावर घरी बसून पुढचा काढतो. मोबाइलवर काढलेला पास दुसऱ्या दिवसापासून लागू होतो, तेवढं ध्यानात ठेवलं की झालं. पूर्वी ॲपला स्टेशनपासूनच्या अंतराची मर्यादा होती, तीही एप्रिल २०२४ मध्ये काढली. फक्त रुळांच्या अगदी जवळ किंवा फलाटावर उभं राहून तिकीट काढता येत नाही. ते योग्यच आहे, नाहीतर टीसी दिसल्यावरच लोक तिकीट काढतील.

लोक शिकतात हो. भाजीवाल्या मावशीसुद्धा क्यूआर कोड लावून पैसे घेतात. त्यांना पास काढता येणार नाही असं आपणच ठरवून टाकतो आणि त्यापायी सगळ्यांना जुन्या पद्धतीत अडकवून ठेवतो.

ताकारीची सून

माहुली भाऊ, क्यूआर कोड लावून पैसे घ्यायला मोबाइल हातात लागत नाही. कागद चिकटवला की झालं, पैसे मुलाच्या खात्यात जातात. पास दाखवायला मोबाइल हातात लागतो, आणि तो चार्ज केलेला लागतो.

मी सांगलीत एका दुकानात कामाला येते. आमच्या घरात साधा एक आणि टचस्क्रीनचा एक असे दोन मोबाइल. टचस्क्रीनचा नवऱ्याकडे, कारण मोटरीची लाइट, ऊसतोड, कारखान्याचे मेसेज सगळं त्यावर येतं. मी तो घेऊन सांगलीला आले तर शेतातलं काम अडतं. माझा पास प्लास्टिकच्या पाकिटात असतो. मागच्या बाजूला आधारकार्ड, पुढे पास, आणि मध्ये घडी करून ठेवलेले पन्नास रुपये, अडीनडीला. टीसीने हात पुढे केला की पाकीट दाखवते, दोन सेकंदांत विषय संपतो.

आमच्या डब्यातल्या एकीला तिच्या मुलाने हौसेने मोबाइलवर पास काढून दिला. परतीच्या गाडीत मोबाइल बंद पडला. चार्जर नव्हता, डब्यातला पॉइंट चालत नव्हता. ती सांगत होती की पास आहे, पैसे भरलेत, मुलाला फोन लावा. दंड भरावाच लागला. २५० रुपये आणि वर भाडं. दिवसभर उभं राहून मिळवलेले पैसे तिथेच गेले. त्या दिवसापासून ती पुन्हा खिडकीवर येते.

एसटीत बायकांना १७ मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, हे मला माहीत आहे. तरी पास रेल्वेचाच परवडतो आणि वेळही वाचतो. म्हणून तर एवढं जीव तोडून सांगतेय.

जुना बुकिंग क्लार्क (मिरज)

या खिडकीच्या आत बसून नोकरी केली आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ताकारीच्या ताई, तुमच्या मैत्रिणीचं वाईट वाटलं. पण त्या टीसीला दोष देऊ नका. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १३८ प्रमाणे विनातिकीट सापडला तर भाडं आणि त्यावर किमान २५० रुपये. मोबाइलवरचा पास ॲप उघडून तिथेच दाखवावा लागतो. स्क्रीनशॉट चालत नाही, आणि मोबाइल बंद असेल तर विनातिकीट धरतात. त्यात टीसीला सूट द्यायचा अधिकारच नाही. नियम कडक आहे तो खोट्या पासांमुळे. २०२५ मध्ये मुंबईत संगणकावर हुबेहूब बनवलेले पास पकडले गेले. असं व्हायला लागलं की तपासणी कडक होते आणि प्रामाणिक माणूस त्यात भरडला जातो. नियमच बदलायला हवा. पास ज्याच्या नावावर आहे तो नंबरावरून टीसीच्या मशीनवर दिसत असेल तर दंड नको, एवढी दुरुस्ती मागा. ती रास्त आहे.

आता खिडकी. माहुलीकर, ती बंद होऊच शकत नाही, कारण काही पास हे कागद तपासूनच द्यायचे असतात. पदवीपर्यंतच्या मुलींना आणि बारावीपर्यंतच्या मुलांना घर ते शाळा-कॉलेज सेकंड क्लासचा मासिक पास मोफत आहे. त्याला शाळेचा दाखला लागतो. असंघटित कामगारांसाठी २००९ पासून २५ रुपयांचा इज्जत पास आहे, त्याला उत्पन्नाचा दाखला लागतो. त्यातली महिना १५०० रुपये उत्पन्नाची अट इतकी जुनी झालीय की आज त्या अटीत बसणारा कामगार शोधून सापडत नाही. खिडकी वाचवण्यावर बोलताय तर ही अट वाढवण्यावरही बोला. त्यात खरा गरीब माणूस आहे.

कृष्णाकाठ, तुम्हालाही एक सांगतो. सकाळच्या खिडकीवर एकच माणूस असतो. तो तिकीट देतो, पास देतो, चौकशीला उत्तर देतो, हिशेब जुळवतो. ज्यांना ॲप जमतं ते तिकडे गेले तर ताकारीच्या ताईंची रांग छोटी होते. ॲप खिडकीचं शत्रू नाही. आणि दर महिन्याला रांग कशाला? तिमाही पास मासिकाच्या २.७ पट पडतो. संपायच्या दहा दिवस आधीपासून पुढचा काढता येतो. एवढं केलं तरी महिन्याच्या सुरुवातीची निम्मी गर्दी कमी होईल.

कृष्णाकाठ (सांगली)

काका, तिमाही पासला एकदम पैसे घालावे लागतात. पगार आठवड्याला मिळणाऱ्या माणसाला २.७ पट रक्कम एकरकमी काढणं जड जातं. हिशेब तुमचा बरोबर आहे, पण तो महिन्याचा पगार बँकेत येणाऱ्याला लागू पडतो.

आणि "ॲप खिडकीचं शत्रू नाही" हे तुमच्या काळातल्या खिडकीला खरं होतं. आज निवृत्त माणसाची जागा भरली जात नाही. रांग छोटी झाली की आधी त्या खिडकीचे तास कमी होतात. म्हणून मी तास लेखी मागतोय.

कुपवाडकर

मी इथे एकटाच विरोधात असेन, तरी लिहितो. पासधारकांच्या अडचणीवर एवढं लिहिलं गेलं, पण आरक्षण करून जाणाऱ्यावर कुणी अवाक्षर काढलं नाही.

आई-वडिलांना घेऊन कोयनेने मुंबईला जायचो. आता टाळतो. आरक्षण असून सीटवर तीनच्या ठिकाणी पाच. "दादा, कराडपर्यंतच आहे, जरा सरका." कराडला ते उतरतात आणि साताऱ्यासाठी दुसरे चढतात. वडिलांना गुडघ्याचा त्रास आहे, पाय पसरता येत नाहीत. काही बोललं की चार जण अंगावर येतात, कारण ते रोजचे, एकमेकांच्या ओळखीचे, आणि आपण एकटे.

पैशाचंही बघा. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्ये गेली ती परत आली नाही. १ जुलै २०२५ ला मेल-एक्स्प्रेसचं बिगर एसी भाडं किलोमीटरला १ पैसा वाढलं, २६ डिसेंबरला आणखी २ पैसे. दोन्ही वेळा मासिक पासला हात लावला नाही. वेटिंगचं तिकीट असलेल्यालासुद्धा आरक्षित डब्यात बसू देत नाहीत, मग पासवाल्याला कोणत्या नियमाने बसू द्यायचं? पासधारकांना वेगळा डबा म्हणजे आरक्षणाचा एक डबा कमी. त्याला माझा ठाम विरोध.

माहुली फलाट (सातारा)

कुपवाडकर साहेब, आरक्षित डब्यात घुसून दुसऱ्याच्या सीटवर बसणं चूक. त्याचं समर्थन मी करणार नाही, स्वतः रोजचा असूनही. पण माणूस तिथे का शिरतो ते पाहा. जनरल डब्यात दारात लोंबकळायला लागतं, म्हणून. पुणे-मिरज मार्गाचं विद्युतीकरण झालं, दुहेरीकरणाचं बहुतेक काम झालं, तरी नोकरीच्या वेळेची गाडी वाढली नाही. १६ सप्टेंबर २०२४ ला पुणे-कोल्हापूर वंदे भारत सुरू झाली ती आठवड्यातून तीन दिवस, आणि तिथे पास चालत नाही. गर्दी जाणार कुठे?

पास स्वस्त आहे म्हणता. एकेरी भाड्याच्या साधारण पंधरा पटीत महिनाभर, हे खरं. पण ही सवलत मिळाली म्हणूनच लोक गावात राहून शहरात कामाला येतात. नाहीतर कोरेगाव-रहिमतपूरची सगळी पोरं शहरात खोल्या करून राहिली असती.

विश्रामबाग (सांगली)

कॉलेजला आहे, म्हणून थोडक्यात. कोरोनानंतर पॅसेंजर गाड्या 'विशेष' म्हणून सोडल्या आणि किमान भाडं १० चं ३० झालं. ते परत १० व्हायला २०२४ चा फेब्रुवारी संपत आला. गाडी तीच, डबे तेच, थांबेही तेच. त्या दिवसांत ज्यांच्याकडे पास नव्हता त्यांनी काय भरलं ते घरच्यांना विचारा. आजही सांगली-मिरज एक्स्प्रेसने गेलं तर ३०, पॅसेंजरने १०. पॅसेंजर वेळेवर नसते म्हणून पोरं ३० भरतात किंवा भरतच नाहीत. ॲप की खिडकी हा वाद नंतर, पॅसेंजर वेळेवर सोडा.

मुलींच्या मोफत पासबद्दल बुकिंग काकांनी लिहिलं ते आमच्या वर्गात कुणालाच माहीत नव्हतं. कॉलेजच्या ऑफिसात उद्या विचारते.

जुना बुकिंग क्लार्क (मिरज)

जरूर विचार बाळ. घराजवळच्या स्टेशनपासून कॉलेजजवळच्या स्टेशनपर्यंतचाच मिळतो, तेवढं दाखल्यावर नीट लिहून घे.

ताकारीची सून

कुपवाडकर दादा, तुमच्या वडिलांसाठी मी उठेन, आणि माझ्या डब्यातल्या बायकाही उठतील. पण आरक्षणवाल्यांनीही एक समजून घ्यावं. आम्ही त्या डब्यात येतो ते गाडीला बायकांचा डबा अगदी टोकाला असतो आणि फलाटावर पळत तिथपर्यंत पोचेस्तोवर गाडी हलते म्हणून. छोट्या स्टेशनवर थांबा एक-दोन मिनिटांचा. पायाखाली खडी, हातात डबा, पिशवी. समोर जो दरवाजा येईल तो धरायचा.

कृष्णाकाठ (सांगली)

पासला १५० किलोमीटरची मर्यादा आहे, म्हणून सांगलीहून पुण्याचा पासच मिळत नाही. पुणे-मुंबई १९२ किलोमीटर, तिथे मात्र वर्षानुवर्षं मिळतो. म्हणजे गरज पटली की रेल्वे अपवाद करते, आणि आपलीही गरज पटवून देता येईल.

पुणे विभागाच्या रेल्वे वापरकर्ता सल्लागार समितीकडे अर्ज द्यायचा विचार आहे. त्यात गाडीआधी अर्धा तास खिडकी उघडी, कागदी पास कायम, मोबाइल बंद पडलेल्या पासधारकाची मशीनवर खात्री करून दंड माफ, इज्जत पासची उत्पन्नमर्यादा वाढवणं, आणि कोयनेला पासधारकांचा डबा एवढं घालतो. कुपवाडकर, डब्याबाबत असं लिहू का, की आरक्षणाचा डबा न काढता जादा डबा जोडावा?

कुपवाडकर

जादा डबा लिहाल तर विरोध नाही, पण सहीही नाही. जादा म्हणून जोडतात आणि पुढच्या वेळापत्रकात आमचाच एक काढतात, असं होऊ शकतं. खिडकी, दंडमाफी आणि इज्जत पास यांचा अर्ज वेगळा करा. त्यावर माझी आणि वडिलांची, दोन्ही सह्या घ्या.