शब्दचर्चा: मानवी तस्करी, मानवी वाहतूक की अपव्यापार?

भाषांतरवाली:
परदेशी नोकरीला निघालेल्या पोरांसाठी दोन पानी पत्रक मराठीत करायला घेतलंय. मुळात 'ह्यूमन ट्रॅफिकिंग' आणि 'ट्रान्सनॅशनल क्राइम' ओळीआड आलेत. वर्तमानपत्रं 'मानवी तस्करी' लिहितात. पोलिसांचा 'अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्ष' असतो. सरकारी मराठीत 'अपव्यापार', आणि 1956 च्या कायद्याच्या नावात 'अनैतिक व्यापार'. माझा वाचक म्हणजे डिप्लोमा झालेला, बँकॉकला डेटा एन्ट्रीची नोकरी लागली म्हणून पेढे वाटून मोकळा झालेला मुलगा. यातला कुठला शब्द त्याला स्वतःबद्दलचा वाटेल?

बाजीरावरोड:
'वाहतूक' तेवढं नको हो. सहा आसनी रिक्षात अकरा जण कोंबले, असा अर्थ निघतो. पुण्यात तरी तोच निघणार. 'तस्करी' रूढ आहे, तेच ठेवा आणि मोकळ्या व्हा.

शब्दवेल्हाळ:
'तस्कर' म्हणजे मुळात नुसता चोर. मोल्सवर्थच्या कोशातही तोच अर्थ. परदेशी घड्याळं आणि सोन्याची बिस्किटं लपूनछपून उतरायची, त्या काळात 'चोरटी आयात' असंही लिहीत. पुढे 'तस्करी' रुळला. म्हणून तो शब्द उच्चारला की रात्र, होडी आणि चुकवलेली जकात आठवते. माल पलीकडे उतरला की तस्कराचं काम संपतं. इथे माणूस उतरल्यावरच खरं काम सुरू होतं.

आणि मराठीत शब्दांचा तुटवडा कधीच नव्हता बरं का. पेशवे दफ्तरात कुणबिणींच्या, म्हणजे दासींच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. व्यवहार उघड होता आणि त्याला शब्दही उघड होते: कुणबीण, बटीक. आता बटीक अग्रलेखांत उरलीय, 'सत्तेची बटीक' एवढ्यापुरती. जागतिकीकरणाने माणसं विकायला शिकवलं, असं कुणी लिहिलं की मला हसू येतं ते यामुळे.

वकीलीणबाई:
काका, मुद्दा बरोबर पकडलात. कायद्यात हे दोन वेगळे गुन्हे आहेत. देशोदेशीच्या संघटित गुन्हेगारीविरुद्ध संयुक्त राष्ट्रांचा करार 2000 साली झाला, इटलीतल्या पालेर्मोत सह्या झाल्या. त्याला जोडलेला एक उपकरार माणसांच्या या व्यापाराबद्दल आहे. दुसरा पैसे घेऊन स्थलांतरितांना चोरवाटेने सीमा पार करून देण्याबद्दल. 'डंकी' मारून अमेरिकेला जाणारे दुसऱ्यात येतात. तिथे गिऱ्हाईक पैसे मोजतं, पलीकडे पोचतं, संबंध संपतो. गुन्हा होतो तो देशाच्या सीमेविरुद्ध. पहिल्यात गुन्हा माणसाविरुद्ध आहे आणि त्यासाठी सीमा ओलांडावीच लागते असंही नाही. यवतमाळहून पुण्यात आणून कोंडलेली मुलगीही त्यात बसते. 'तस्करी' खरं तर दुसऱ्याला चपखल. आपण तो पहिल्याला लावून बसलोय, त्यामुळे दुसऱ्याला शब्दच उरला नाही.

भारताने करार 2011 मध्ये मान्य केला, 2013 मध्ये दंड संहितेचं कलम 370 नव्याने लिहिलं गेलं, आणि 1 जुलै 2024 पासून ते न्याय संहितेत कलम 143 म्हणून आलं. त्यात बघायचं काय, तर कृत्य (भरती, ने-आण, आसरा देणं, सोपवणं, ताब्यात घेणं), मार्ग (धाक, फसवणूक, आमिष, अधिकाराचा गैरवापर) आणि हेतू, म्हणजे शोषण. पीडिताची संमती होती की नाही, हे गैरलागू. 'वाहतूक' म्हणणं म्हणजे पाचांतल्या एकाच कृत्याचं नाव सगळ्या गुन्ह्याला देणं.

निवृत्त_फौजदार:
ठाण्यात यातला एकही शब्द चालत नाही. 'पिटाची केस' म्हणतात, संपला विषय. पिटा म्हणजे तोच 1956 चा कायदा, वेश्याव्यवसायापुरता. त्यामुळे कक्षाच्या नावात 'मानवी' असलं तरी लोकांच्या डोक्यात चित्र एकच, बुधवार पेठ. हल्ली फार तर कोरेगाव पार्कातला मसाज पार्लर. मुलगा परदेशात अडकला म्हणून बाप तक्रार द्यायला येतो, तेव्हा तो स्वतःच 'नोकरीच्या नावाने फसवलं' म्हणतो आणि तसंच लिहून घेतलं जातं. पोराच्या बाबतीत 'अनैतिक' शब्द त्याच्या तोंडून निघणारच नाही. तुमच्या पत्रकात तो शब्द आला की तो पत्रक घडी घालून खिशात टाकेल.

फडकरी:
मी मूळचा बीडकडचा, आता हडपसरला. 'उचल' कुणी काढली नाही याचं नवल वाटतं. ऊसतोडीचा मुकादम हंगामाआधी नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो. (पुण्याच्या बातम्यांतला कोयता वेगळा.) ऊस तोडून उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या सालावर चढते. मधेच फड सोडला की मुकादमाची माणसं दारात. आता बँकॉकच्या नोकरीच्या नावाने म्यानमारला नेऊन डांबलेली आणि तिथून सुटून आलेली पोरं काय सांगतात ते वाचा. तुझ्या तिकिटाचा खर्च, राहण्याचा खर्च, आम्ही तुला अमुक इतक्याला घेतलाय, तेवढे फेड आणि जा. ही उचलच की! फरक इतकाच, आमच्याकडे उचल निदान हातात पडते. त्या पोराने ती बघितलीही नव्हती.

बाजीरावरोड:
उचल आणि अपहरण एका पंक्तीला? जरा जास्त होतंय. ऊसतोडीला लोक स्वखुशीने जातात.

वकीलीणबाई:
बँकॉकचं विमानही तो मुलगा स्वखुशीनेच पकडतो. 1982 साली, एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की किमान वेतनाहून कमी पैशांत माणूस राबतो तेव्हा नड हीसुद्धा सक्तीच असते आणि ती वेठ ठरते. संविधानाच्या कलम 23 मध्ये अपव्यापार आणि वेठबिगार शेजारी-शेजारी आहेत, ते उगाच नव्हे.

भाषांतरवाली:
फडकरीदादा, 'उचल' मी पत्रकात घेतेय. आता दुसरा शब्द. 'ट्रान्सनॅशनल'ला 'आंतरराष्ट्रीय' चालेल का? 'सीमापार' लिहिलं की पुढे आपोआप दहशतवाद येतो.

शब्दवेल्हाळ:
'आंतरराष्ट्रीय'त राष्ट्रं एकमेकांशी व्यवहार करतात, परिषद, करार, क्रिकेट. गुन्हेगाराला राष्ट्राचं काही पडलेलं नसतं. 'देशोदेशीची गुन्हेगारी' मला बरं वाटतं. वकीलीणबाईंनी सहज वापरलंच आहे वर.

वकीलीणबाई:
करारातली व्याख्याही तशीच सैल आहे. गुन्हा एकाच देशात घडला, पण बेत दुसऱ्या देशात शिजला किंवा मोठा फटका दुसऱ्या देशाला बसला, तरी तो यात येतो.

पौडफाटा:
मग सरळ उदाहरणच द्या ना. कोथरूडमधल्या निवृत्त गृहस्थाला फोन येतो, 'तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात.' म्हणजे पोलिसांच्या नावाने फोनवरच खोटी अटक दाखवून पैसे उकळायचे. फोन करणारा बसलाय मोए नदीच्या काठी, म्यानमारच्या म्यावाड्डीत, थायलंडच्या माए सोतसमोर. तोही कुणाचा तरी पोरगा, पासपोर्ट काढून घेतलेला, दिवसाचं टार्गेट पुरं केलं नाही तर मार खाणारा. पैसे पडतात इथल्याच कुणीतरी भाड्याने दिलेल्या बँक खात्यात, तिथून क्रिप्टोत, आणि क्रिप्टो कुठल्या देशात गेलं ते शोधत बसा.

जागतिकीकरण लागतं ते इथे. आमच्या पिढीने 'खाउजा' म्हणत भाषणं ऐकली: खाजगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण. मालाला आणि पैशाला दारं सताड उघडली, माणसाला मात्र दार किलकिलंच राहिलं. बाहेर जायची ओढ मोठी आणि सरळ वाट अरुंद, की मधल्या माणसाचा भाव वाढतोच. थायलंडने नोव्हेंबर 2023 पासून भारतीयांना व्हिसा माफ केला. पर्यटकांसाठी केला, दलालांचंही फावलं. कंबोडियाने 2019 मध्ये ऑनलाइन जुगारावर बंदी आणली, मग कोविड आला, कॅसिनोंच्या इमारती ओस पडल्या आणि त्यांतल्या कित्येकांत हा धंदा शिरला. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने 2023 मध्ये अंदाज दिला, म्यानमारमध्ये किमान 1,20,000 आणि कंबोडियात सुमारे 1,00,000 माणसं अशी डांबलेली. मार्च 2025 मध्ये आपल्या हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत 549 भारतीय माए सोतहून परत आणले. सक्तीच्या मजुरीतून जगभर वर्षाला 236 अब्ज डॉलरचा बेकायदा नफा होतो, हा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 2024 चा आकडा. शब्दवेल्हाळ काका, माणसं विकायला शिकवलं नसेल, पण दुकान केवढं वाढवून दिलं!

निवृत्त_फौजदार:
आणि तो परत आलेला पोरगा पीडित की आरोपी? आवाज त्याचाच आहे रेकॉर्डिंगमध्ये. कोथरूडच्या त्या गृहस्थांना विचारा, ते काय म्हणतील.

पौडफाटा:
शिव्याच देतील, साहजिक आहे. म्हणून काही ठिकाणी 'सायबर गुलामी' लिहायला लागलेत. मला शब्द पसंत आहे. 'गुलाम' म्हटलं की निदान मालक कोण हा प्रश्न तरी पडतो.

भाषांतरवाली:
आभार सगळ्यांचे. 'अपव्यापार' फक्त कलमाच्या उल्लेखात ठेवतेय, 'तस्करी' आणि 'वाहतूक' काढलेत. पहिला परिच्छेद असा:

'नोकरीच्या नावाने नेऊन डांबणं हा गुन्हा आहे. तुम्ही स्वतःहून गेलात, तिकीट स्वतः काढलंत, तरीही. मुलाखत फक्त टेलिग्रामवर झाली, पगार कामाच्या मानाने फार आहे, पर्यटक म्हणून जायला सांगतायत, तर थांबा. एजंटाचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. नोंदणीकृत एजंटाला 30,000 रुपये आणि जीएसटी याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. "आधी आम्ही खर्च करतो, मग पगारातून कापू" म्हणाले, तर ती उचल आहे. पारपत्र कुणाच्या हाती देऊ नका.'

बाजीरावरोड:
'पारपत्र' कोण म्हणतं हो? पासपोर्ट लिहा. आणि 'उचल' कोथरूडच्या पोराला कळणार नाही, शेजारी 'अंगावर चढवलेलं कर्ज' असंही घाला.

फडकरी:
कोथरूडच्या पोराला नसेल कळत. पण तिथे जाणारी पोरं कोथरूडचीच असतात असं कुणी सांगितलं?