तळाला दगड लागला आणि बॅटरीवर 50 टक्के घसारा: हा नियम इलेक्ट्रिक गाडीला लावणं योग्य आहे का?

गंगापूररोडकर
गेल्या महिन्यात जव्हारहून नाशिकला येताना त्र्यंबकच्या अलीकडे रस्त्यात पडलेला दगड गाडीच्या पोटाला घासला. बाहेरून ओरखडाही नव्हता, घरापर्यंत चालवत आणली. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये लिफ्टवर घेतली तर बॅटरीच्या खालच्या कवचाला वीतभर पोचा. अख्खा पॅक बदलायचा असं सांगण्यात आलं. पॅक 6 लाख 40 हजार, बाकी भाग आणि मजुरी धरून एस्टिमेट 6 लाख 95 हजार.

झिरो डेप, म्हणजे घसारा (जुनेपणामुळे घटलेली किंमत) न कापता भागाचे पैसे देणारं जादा कव्हर, पहिली दोन वर्षं होतं, तिसऱ्या वर्षी मी सोडलं. ती चूक माझी, मान्य. पण विमा कंपनीने पॅकवर थेट 50 टक्के घसारा लावला आणि 3 लाख 20 हजार माझ्या अंगावर आले. कारण पॉलिसीत रबर, प्लास्टिक, टायर-ट्यूब, एअरबॅग यांच्या रांगेत 'बॅटरी' हा शब्द बसलेला आहे. ही यादी 2002 च्या इंडिया मोटर टॅरिफमधली, म्हणजे गाड्यांच्या विम्याच्या जुन्या नियमावलीतली. तेव्हा बॅटरी म्हणजे बॉनेटखालची 12 व्होल्टची, काही हजारांची, तीन-चार वर्षांनी बदलायची वस्तू. माझ्या पॅकला 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरची वॉरंटी आहे. त्याच पॉलिसीत इतर भागांना वयानुसार घसारा आहे आणि माझ्या अडीच वर्षांच्या गाडीला तो 15 टक्के बसतो. तसा लावला असता तर पॅकचे 96 हजार भरले असते. एका शब्दामुळे सव्वादोन लाखांचा फरक पडतो, हे मला अन्यायाचं वाटतं.

सर्व्हेवाला_ठाणे
मोटर सर्व्हेचं, म्हणजे विम्यासाठी गाडीचं नुकसान मोजायचं काम 22 वर्षं करतोय. तुमची तळमळ कळते, पण पटत नाही. 2002 ला इलेक्ट्रिक गाडी नव्हतीच असं नाही. रेवा 2001 ला बंगळूरमध्ये आली होती, ती चालायची शिशाच्याच बॅटऱ्यांवर. यादीत 'बॅटरी' लिहिलंय आणि मी तोच शब्द वाचणार. करारात नसलेला अर्थ सर्व्हेयरने घालायला सुरुवात केली तर उद्या तोच अधिकार तुमच्या विरुद्धही वापरला जाईल. झिरो डेप आणि वेगळं बॅटरी कव्हर याच फरकासाठी विकतात.

आणि पॅक बदलला याबद्दल वर्कशॉपला दोष देऊ नका. पोचा बाहेर दिसतो, आत सेलला काय झालंय ते दिसत नाही. चेपलेला सेल कधीकधी काही दिवसांनी तापतो आणि मग आग आवरत नाही. अशी गाडी आम्ही इतर गाड्यांपासून लांब, उघड्यावर ठेवायला सांगतो. 'चालेल' अशी सही मी करणार नाही.

गंगापूररोडकर
सुरक्षेबद्दल वाद नाही. पण 2022 मध्ये थर्ड पार्टी विम्याच्या (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर लागणाऱ्या) हप्त्यात इलेक्ट्रिक गाड्यांना 15 टक्के सूट मिळाली. 30 ते 65 किलोवॉटच्या गाडीला 2,904 रुपये, 1000 ते 1500 सीसीच्या गाडीला 3,416. दर ठरवताना मोटरचे किलोवॉट मोजून स्वतंत्र रांग करता आली. मग घसाऱ्याच्या यादीत एक ओळ का वाढवता येत नाही?

उद्यमनगर_गॅरेज
सर्व्हेवाला साहेब, एका गोष्टीवर अडतोय. माझं कोल्हापूरला डेंटिंग-पेंटिंगचं काम आहे. पॅक म्हणजे एकच ठोकळा नसतो, आत मॉड्यूल, म्हणजे सेलचे सुटे गट असतात. कवच बदलायचं, मॉड्यूल तपासायचे, खराब असेल तेवढाच काढायचा, परत सील करून हवेच्या दाबाने गळती बघायची, इन्सुलेशन मोजायचं. हे होण्यासारखं आहे. पण सुटं कवच आम्हाला विकत मिळत नाही, तपासणीचं सॉफ्टवेअर मिळत नाही. दगड एवढासा आणि बिल सात लाखाचं, ते याच्यामुळं. आणखी लाखभर वाढलं असतं तर आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) 75 टक्क्यांवर जाऊन ह्यांची गाडी टोटल लॉसमध्ये, म्हणजे दुरुस्तीऐवजी पूर्ण नुकसानीत धरली गेली असती.

बाकी काम आम्ही शिकून घेतलंय. भगव्या, म्हणजे जास्त व्होल्टच्या वायरीला हात लावायच्या आधी बॅटरीचा प्रवाह तोडणारा सर्व्हिस प्लग काढायचा, कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरेपर्यंत थांबायचं, 1000 व्होल्टचे हातमोजे घालायचे. दाराला लांबी भरून रंग मारला तरी बूथमध्ये भाजताना उष्णता बॅटरीला सोसेल तेवढीच ठेवावी लागते, मग सुकायला वेळ जातो आणि मजुरी वाढते. ही वाढ खरी आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. टोइंगवाल्यांना मात्र कुणीतरी शिकवा हो. पुढची चाकं फिरत ठेवून गाडी ओढत आणतात आणि मोटर जळते. फ्लॅटबेडच लागतो.

सर्व्हेवाला_ठाणे
उघडलेला पॅक पाण्यात टिकेल याची हमी कोण देणार? पॅकला असलेलं IP67 मानांकन म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकायचं. ते सील तुमच्या गॅरेजमध्ये परत तसंच बसलं याचा कागद द्या, मी मॉड्यूलची दुरुस्ती मंजूर करतो.

उद्यमनगर_गॅरेज
कागद देतो की. पण ती चाचणी आम्हाला करता येईल असं यंत्र आणि परवानगी द्या ना आधी.

सिंहगडरोड_पुणे
सगळे एका क्लेमवरून गाडीलाच महाग ठरवताहेत, म्हणून लिहितो. 25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून पाणी सोडलं तेव्हा एकतानगरीत आमच्या पार्किंगमध्ये शेजाऱ्यांची डिझेल गाडी आणि माझी इलेक्ट्रिक, दोन्ही बुडाल्या. त्यांनी पाणी ओसरल्यावर स्टार्टर मारला, इंजिनात पाणी होतं, कनेक्टिंग रॉड वाकला. विम्यात इंजिनासाठीचं वेगळं कव्हर नसल्याने तो खर्च नाकारला गेला. माझ्या पॅकची तपासणी झाली आणि तो शाबूत निघाला. सीट, कार्पेट, वायरिंग गेलं आणि क्लेम मिळाला. बंपर-फेंडरच्या ठोकरीत तर दोन्ही गाड्यांचं बिल जवळपास सारखंच येतं. फरक पडतो तो तळाला लागलं तर.

गंगापूररोडकर
तुमचा अनुभव खरा आहे, आणि गाडी मीही विकणार नाही. पण माझ्याबाबतीत लागलं ते तळालाच.

सर्व्हेवाला_ठाणे
मग हा वाद इथे सुटणार नाही. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या, 30 दिवस थांबा. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. फी नाही, वकील लागत नाही. सर्व्हे रिपोर्टची प्रत मागून घ्या. माझं मत बदललेलं नाही, पण 12 व्होल्टची बॅटरी आणि पॅक एकाच शब्दात बसतात का, हा प्रश्न विचारायची जागा तीच आहे.

उद्यमनगर_गॅरेज
आणि नाशिककर, जुना पॅक कुठं गेला ते विचारा. त्यातले बहुतेक मॉड्यूल चांगले असणार. साल्व्हेजची, म्हणजे काढलेल्या जुन्या भागाची किंमत किती धरली ते रिपोर्टात बघा.

गंगापूररोडकर
रिपोर्टसाठी आजच मेल केला. वर्कशॉपमध्ये विचारलं तर पॅक उत्पादकाकडे परत गेला एवढंच सांगतात. किंमत धरल्याचं कुठल्याच कागदावर दिसत नाही. तक्रारीत तो मुद्दाही घालतो.