रविवारी सकाळी आई-वडिलांना घेऊन मुंबईत ब्रंचसाठी कुठे जावे?

ठाणेपूर्व (प्रश्न):

नमस्कार. माझे आई-वडील पुढच्या आठवड्यात सांगलीहून आमच्याकडे ठाण्याला येत आहेत आणि एका रविवारी त्यांना मुंबईत न्याहारी व जेवण यांच्या मधल्या वेळी, म्हणजे दहा ते बाराच्या दरम्यान, कुठेतरी निवांत खायला न्यावे असे मनात आहे. गेल्या वर्षी मी त्यांना एका मोठ्या हॉटेलातील रविवारच्या बुफेला नेले होते. पदार्थ पन्नास तरी असतील, पण वडिलांनी ताटात दोन इडल्या आणि वाटीभर दही घेतले, परतताना वाटभर ते माणशी दराचा हिशेब करत राहिले आणि आईने घरी पोहोचताच वरणभाताचा कुकर लावला. हॉटेल चांगलेच होते. निवड माझी चुकली, याची खंत मला आजही आहे.

वडील 76 वर्षांचे आहेत, गुडघ्यांमुळे जिने चढणे त्यांना जड जाते आणि मधुमेहासाठी ते सकाळी इन्सुलिन घेतात. आई पूर्ण शाकाहारी आहे. माझ्या मुलाला मात्र अंड्याचे पदार्थ हवे असतात. आम्ही लोकलने येऊ. अनुभवी मंडळींनी कृपया सुचवावे.

माटुंगेकर:

आपल्या वर्णनावरून मी निःसंकोचपणे माटुंगा पूर्व सुचवेन. गेली तीस वर्षे मी इथे राहतो आणि रविवारची न्याहारी मी सहसा घरी करत नाही.

रामाश्रय हे 1939 सालचे उपाहारगृह माटुंगा स्थानकातून पूर्वेला बाहेर पडल्यावर अगदी जवळ आहे, त्यामुळे वडिलांना फार चालावे लागणार नाही. तेथील उपमा आणि अननसाचा शिरा प्रसिद्ध आहे. शिरा वडिलांसाठी नको, पण आईंना अवश्य द्या. तिथून थोडे पुढे, किंग्ज सर्कलच्या बाजूला, 1940 सालचे कॅफे मद्रास आहे. तेथे नीर डोसा, नाचणीचा डोसा, पोडी इडली असे बरेच काही मिळते, परंतु माझे मत विचाराल तर पहिल्या खेपेस रसम वडा मागवावा. वाटीतल्या गरम रसमात वडा बुडालेला येतो. तो लगेच फोडू नये. दोन-तीन मिनिटे थांबले, की वरचे कुरकुरीत आवरण रस पिऊन मऊ होते, आतला भाग मात्र तसाच भरीव राहतो आणि मिरीचा ठसका घशापर्यंत जाणवतो.

या दोन्ही ठिकाणी रविवारी साडेनऊनंतर चांगलीच गर्दी होते. नाव नोंदवून पदपथावर उभे राहावे लागते आणि टेबलावर अनोळखी मंडळींबरोबर बसावे लागू शकते. म्हणून माझी सूचना अशी, की आपल्यापैकी एकाने अर्धा-पाऊण तास आधी येऊन नाव नोंदवावे आणि वडीलधाऱ्यांनी मागाहून यावे. केळीच्या पानावरचे पूर्ण जेवण हवे असल्यास स्थानकालगत ए. रामा नायक यांचे 1942 सालचे श्रीकृष्ण बोर्डिंग आहे आणि माझ्या दृष्टीने संपूर्ण माटुंग्यात त्याच्या तोडीचे भातजेवण नाही, पण ते वरच्या मजल्यावर असल्यामुळे आपल्या वडिलांसाठी मी ते सुचवत नाही.

खाणे झाल्यावर लगेच परत फिरू नका. फुलबाजारात मोगऱ्याचे आणि अबोलीचे गजरे बघत आईंना हिंडू द्या. कॉफीच्या दुकानात बिया आपल्यासमोर दळून मिळतात. चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळायची एका मुळाची भाजलेली पूड, किती हवी असे विचारतात, तेवढे उत्तर तयार ठेवा. येथील जुनी उपाहारगृहे चालवणाऱ्या कामत, नायक, शेणॉय अशा अनेक घराण्यांची मातृभाषा कोंकणी आहे, त्यामुळे गल्ल्यामागून कानावर पडणारे बोलणे आईंना बऱ्यापैकी समजेल.

एक महत्त्वाची गोष्ट राहिली. जलद लोकल माटुंग्याला थांबत नाही, तेव्हा ठाण्याहून धीमी गाडी पकडा. शिवाय मध्य रेल्वेचा रविवारचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास रुळ बंद ठेवणे, पुष्कळदा माटुंगा ते मुलुंड याच टप्प्यात असतो आणि साधारण अकराच्या सुमारास सुरू होतो. आदल्या दिवशी वेळापत्रक पाहूनच निघा.

शिवाजीपार्क:

माटुंग्याला माझा विरोध नाही, पण दादर पश्चिमेला विसरू नये. शिवसेना भवनाजवळचे आस्वाद 1986 पासून चालू आहे आणि तेथील मिसळीला 2015 साली लंडनच्या फूडी हब या संस्थेने जगातील सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ म्हणून गौरवले होते. थालीपीठ, कोथिंबीर वडी, साबुदाणा वडा असे सर्व काही आपल्या ओळखीचे आहे. जवळच प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि त्यावर पियूष घेतल्यास दुपारच्या जेवणाची आठवण होत नाही. दादरला जलद गाड्याही थांबतात.

माटुंगेकर:

दादरचे पदार्थ उत्तमच आहेत, याबद्दल दुमत नाही. परंतु सांगलीहून आलेल्या माणसांना थालीपीठ आणि मिसळ खायला न्यावे का, हा प्रश्न मला पडतो. घरी रोज होत नाही असे काही त्यांना चाखायला मिळावे असे वाटते.

शिवाजीपार्क:

यावर माझा अनुभव सांगते. माझ्या सासूबाईंनी पन्नास वर्षे दर एकादशीला घरातल्या सगळ्यांसाठी साबुदाणा भिजवला, वडे थापले, तळले, आणि स्वतः शेवटचे दोन गार झालेले वडे खाल्ले. दादरला त्यांच्यासमोर कढईतून नुकताच काढलेला वडा दुसऱ्या कोणी आणून ठेवला तेव्हा त्या काही क्षण त्याकडे बघतच राहिल्या. पदार्थ ओळखीचा होता, पण तो गरम असताना बसून खाणे त्यांच्यासाठी नवे होते. म्हणून आईंना काय हवे आहे हे आपण ठरवण्याआधी त्यांनाच विचारावे, अशी माझी विनंती आहे.

धोबीतलाव:

चिरंजीवांसाठी लिहितो. मेट्रो चित्रपटगृहासमोरचे कयानी हे 1904 सालचे इराणी हॉटेल रविवारी सकाळी उघडे असते. अकुरी, म्हणजे कांदा, टोमॅटो व हिरवी मिरची घातलेली पारशी पद्धतीची अंडी, त्याबरोबर लोण्याने माखलेला ब्रून, म्हणजे कडक कवचाचा पाव, आणि इराणी चहा, एवढे त्याला पुरेल. वर मावा केक घ्यावा. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून पायी जाता येते आणि रविवारी त्या भागात रहदारी कमी असल्यामुळे चालणे सुखाचे होते. मात्र तेथे मटण-खिमाही शिजतो, तेव्हा आपल्या मातोश्रींना ते रुचेल असे मला वाटत नाही. मुलाला स्वतंत्रपणे एखाद्या रविवारी न्यावे. दोन पिढ्यांची आवड एकाच टेबलावर बसवण्याचा अट्टहास करू नये.

मुलुंडची_अपर्णा:

जागेपेक्षा वेळेबद्दल मला अधिक काळजी वाटते. माझे वडीलही इन्सुलिन घेत असत आणि अशाच एका रविवारी, रांगेत उभे असताना, त्यांना दरदरून घाम फुटून हात थरथरू लागले होते. इन्सुलिन घेतल्यावर खाणे लांबले तर रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. त्यामुळे ब्रंच म्हणून सकाळचे खाणे अकरापर्यंत पुढे ढकलणे त्यांच्यासाठी योग्य नाही. नेहमीच्या वेळी घरी थोडे खाऊ घालावे, वेळेत काही बदल करायचा असल्यास तो त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच करावा, आणि खिशात ग्लुकोजची पुडी किंवा साखर असू द्यावी. बाहेरचे खाणे मग हलके घेतले तरी चालते.

ठाणेपूर्व:

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल जाऊन आलो, म्हणून सविस्तर कळवतो.

आईला विचारले. ती म्हणाली, "वडे मी घरी करीन, मला ते केळीच्या पानांचं आणि फुलांचं गाव दाखव." त्यामुळे माटुंगा ठरले. अपर्णाताईंच्या सांगण्याप्रमाणे वडिलांना नेहमीच्या वेळी घरी एक भाकरी आणि भाजी दिली. मुलगा आधीच्या गाडीने पुढे गेला आणि त्याने कॅफे मद्रासला नाव नोंदवून ठेवले. आम्ही स्थानकाबाहेरून टॅक्सीने पोहोचलो तेव्हा आमच्या आधी दोनच नावे राहिली होती. शेजारी बसलेल्या अनोळखी आजोबांनी वडिलांना नाचणीचा डोसा घ्यायला सांगितला आणि त्यानंतर ते दोघे बराच वेळ आपापल्या गुडघ्यांविषयी बोलत होते. रसम वड्यासाठी मी तीन मिनिटे थांबायला सांगितले, तर आईने वाटीवर ताटली झाकून ठेवली. घरी सांबारवड्याला ती हेच करते.

परतीला मात्र माझे गणित चुकले. फुलबाजारात आणि कॉफीच्या दुकानात साडेअकरा वाजले, ब्लॉक सुरू झालेला होता आणि फलाटावरची गर्दी पाहून वडिलांना घेऊन गाडीत शिरण्याचे धाडस झाले नाही, म्हणून ठाण्यापर्यंत टॅक्सीच केली. माटुंगेकरांनी बजावले होते, तरी मी फक्त जाण्याची वेळ पाहिली होती.

चिकोरी वीस टक्के घेतली. आज सकाळी वडिलांनी बिनसाखरेची कॉफी दोनदा मागितली आणि पुढच्या रविवारी दादर पाहायचे का, असे आईनेच विचारले आहे. तेव्हा शिवाजीपार्क यांना विनंती, की आस्वादला सकाळी किती वाजता पोहोचल्यास थांबावे लागत नाही ते कळवावे.

शिवाजीपार्क:

साडेआठपर्यंत पोहोचा. वडिलांचे सकाळचे खाणे मग तिथेच त्यांच्या वेळेत होईल.